फुकट मिळालेलं लायसन

घाटनांदूरला रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशफाक बागवानचं दुकान आहे. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, कॉम्प्युटर, जे येईल ते तो दुरुस्त करतो. घरचा धंदा फळांचा. त्याचे भाऊ अजूनही सीताफळाच्या दिवसांत डोंगरातून माल आणतात. अशफाकला मात्र बंद पडलेली वस्तू दिसली की ती उघडून बघायची खोड, आणि त्या खोडीवरच त्याचं पोट चाललं. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस.

मी तेव्हा अंबाजोगाईत अवसायकाच्या कार्यालयात कारकून होतो. एखादी संस्था बुडाली की तिची आवराआवर करायला सरकार जो अधिकारी नेमतं तो अवसायक. आमच्याकडे एक बंद पडलेली सूतगिरणी होती. तिच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात कॉम्प्युटरच्या खोलीतलं फ्रिजएवढं एक धूड होतं. यादीत मीच लिहिलं होतं, ‘जुने यंत्र, निरुपयोगी, नग एक.’ भंगारवाला लोखंडाच्या भावानं मागत होता. अशफाकनं त्याच्यापेक्षा थोडे जास्त दिले आणि ते घेतलं. टेंपोत चढवताना त्यानं मला विचारलं, “साहेब, ह्याच्या टेपाबी नेऊ का?” टेपा म्हणजे ताटाएवढी चाकं, दोन पेट्या भरून.

“ने बाबा,” मी म्हणालो. “तेवढीच जागा मोकळी होईल.”

पेट्यांवर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही.

मशीन दुरुस्त करायला त्याला दोन वर्षं लागली. जळालेले भाग त्यानं कुठून कुठून मिळवले, काही स्वतः बनवले. पण आतली डिस्क गेली होती, आणि तिच्याबरोबर मशीनला चालवणारी मूळ ऑपरेटिंग सिस्टिमही गेली होती. ती नसेल तर एवढं मोठं धूड म्हणजे नुसता पंख्यांचा आवाज. इंटरनेटवर शोधता शोधता त्याला कळलं की मशीन बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, दुसरीला तिसरीनं घेतलं, पण त्या जुन्या सिस्टिमचा मालकी हक्क कुठं नाहीसा झाला नव्हता. तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला होता, इतकंच. आणि जे लोक हौस म्हणून अशी मशीन घरी चालवतात त्यांना ही मालक कंपनी ती सिस्टिम आणि एक वर्षाचं लायसन फुकट देत होती. वर्ष संपलं की नवीन मागायचं. मुदत संपली तर मशीन सुरू व्हायची, पण आत कुणाला घ्यायची नाही.

अट एकच होती. हौशी लोकांचं एक मंडळ होतं, त्यातल्या जुन्या सभासदानं तुमच्याबद्दल लिहून द्यायचं.

असं लिहून देणारी सभासद जवळात जवळ लातूरला निघाली. महानंदा हालगे. एका बँकेच्या संगणक विभागात सत्तावीस वर्षं ह्याच जातीच्या मशीनवर काम करून निवृत्त झालेल्या. अशफाकनं फोन केला. त्यांनी मशीनबद्दल पंधरा-वीस प्रश्न विचारले, आणि उत्तरं ऐकून त्यांना आनंद झाला हे फोनवरही कळत होतं.

“मी लिहून देते,” त्या म्हणाल्या. “पण अशफाकभाई, एक लक्षात ठेवा. मशीन तुमची आहे, आतली सिस्टिम तुमची नाही. ती तुम्हाला वापरायला दिलीय, तीही छंदापुरती. तिच्यावर धंदा करायचा नाही. खाली माझं नाव आहे.”

“व्हय ताई. ध्यानात हाय.”

चार वर्षं खरंच ध्यानात राहिलं. दर वर्षी मार्चमध्ये तो ताईंना फोन करायचा, त्या लिहून द्यायच्या, ईमेलवर अक्षरं आणि आकड्यांच्या ओळी यायच्या. त्या मशीनला टाईप करून दिल्या की पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. दुपारी दुकानात कुणी नसलं की तो तिच्यासमोर बसून राही. त्याची बायको समिना म्हणायची, “गिऱ्हाइकाला कधी इतकं हसून बोलला न्हाईत तुमी.”

मग एक दिवस धर्मराज दुकानात आला. धर्मराज गिरणीत अठरा वर्षं साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर होता. आला होता इन्व्हर्टरची बॅटरी दाखवायला, पण आत मशीन बघून तो थांबला.

“ही तर आपल्या गिरणीतली,” तो म्हणाला. “हिच्यातच आमची हजेरी पडत व्हती.”

त्याला पेन्शन मिळत नव्हती. किती वर्षं नोकरी झाली त्याचा पुरावा हवा होता. आमच्या कार्यालयात तो तीनदा येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा मीच त्याला सांगितलं होतं की गिरणीचं रेकॉर्ड नाही. अशफाकनं पेटीतल्या टेपा एकेक करून लावून बघितल्या. चौथ्या दिवशी धर्मराजची हजेरी निघाली, महिन्यागणिक, अठरा वर्षांची. अशफाकनं ती छापून दिली आणि काही घेतलं नाही. धर्मराजनं तो कागद माझ्याकडे आणला. मी शिक्का मारला. कुठून काढला, हे विचारलं नाही. चार महिन्यांनी त्याची पेन्शन सुरू झाली.

बातमी पसरायला काय लागतं. चौसाळ्यातून, नांदूरघाटातून, कुठून कुठून गिरणीचे जुने लोक यायला लागले. पहिल्या पाच-सहा जणांना अशफाकनं फुकटच कागद दिला. मग दुकानाची कामं तुंबायला लागली. एक दिवस एकानं विचारलं, “किती द्यायचे?” आणि अशफाक म्हणाला, “पाचशे.”

“कावून एवढे?”

“परदेशातल्या कंपनीचं लायसन हाय. वर्षाला फी भरावी लागती.”

हे वाक्य कुठून आलं ते मला अजून कळलं न्हाई, असं तो नंतर मला म्हणाला. त्यानं मेहनतीचे म्हणून मागितले असते तरी लोकांनी दिले असते. पण मेहनतीच्या पैशात घासाघीस होते. लायसन म्हटलं की माणूस गप्प बसतो. दुसऱ्या आठवड्यात त्यानं पुठ्ठ्यावर लिहून लावलं, ‘लायसन फी ५००.’ त्याच काळात लोक त्याला गिरणीच्या रेकॉर्डचा मालक म्हणायला लागले. बाजारात कुणी तसं म्हटलं की तो दुरुस्त करायचा नाही.

नोव्हेंबरात नांदूरघाटचा शहादेव एसटीनं आला होता. साठी उलटलेला, पायानं जरा अधू. त्यानं पाटी वाचली, खिसा चाचपला आणि विचारलं, “जरा कमी न्हाई का होत?”

“माझ्या हातात न्हाई मामा. कंपनी बाहेरची हाय.”

शहादेव बरं म्हणाला आणि निघून गेला. अशफाक पुढच्या माणसाकडे वळला.

फेब्रुवारीत महानंदाताई एका लग्नासाठी अंबाजोगाईला आल्या होत्या. इतक्या जवळ आलेच आहे तर मशीन बघून जाते, म्हणून त्यांनी फोन केला. अशफाकनं सकाळीच पुठ्ठा काढून टेबलामागे टाकला. ताई आल्या, मशीनला हात लावून बघितला, खुर्चीवर बसल्या आणि न बघता टाईप करायला लागल्या. बोटांना सगळं आठवत होतं. समिनानं चहा आणला तो तसाच निवून गेला. अशफाक सांगतो की त्या तासाभरात त्याला वाटत होतं, आपल्या हातून आयुष्यात एक चांगली गोष्ट झालीय.

तेवढ्यात चौसाळ्याची मुनिरा आत आली. तिचा नवरा गिरणीत होता, वारून तीन वर्षं झाली होती. तिनं रुमालाची गाठ सोडली.

“भाई, लायसनची फी आणलीय. नाव तेच, मागं सांगितलं व्हतं ते.”

“कसली फी?” ताईंनी खुर्चीतूनच विचारलं.

मुनिरानं सरळपणानं सांगितलं. बाहेरच्या देशातली कंपनी आहे, ती दर वर्षी पैसे घेते, भाई बिचारे पदरचे किती भरणार, म्हणून सगळे पाचशे पाचशे देतात.

 ताई खुर्चीवरून उठल्या आणि अशफाकला म्हणाल्या, “आधी ह्यांचा कागद काढा.”

अशफाकनं कागद काढला. नाव टाईप करताना तो दोनदा चुकला. मुनिरानं पैसे पुढे केले तेव्हा तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या आपा.”

“कावून?” तिनं कागद उलटसुलट करून बघितला. “ह्याच्यात काही कमी हाय का?”

“काही कमी न्हाई. पैसे लागत न्हाईत.”

तिला ते पटलं नाही. तिनं ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, “कागद बरोबर आहे. तुम्ही जा.” मुनिरा गेली, पण दारातून पुन्हा एकदा मागे वळून बघून गेली.

“किती जणांकडून घेतले?” ताईंनी विचारलं.

“शंभरेक.”

“मी तुमच्यासाठी काय लिहून देते माहिती आहे का? हा माणूस छंद म्हणून मशीन चालवतो, मी ह्याला ओळखते. पाच वर्षं लिहून देतेय.”

“ताई, माझी मेहनत व्हती त्यात. टेपा खराब झाल्या व्हत्या, एकेक साफ करून...”

“मेहनतीचे म्हणून घेतले असते तरी अट मोडलीच असती. पण ते मी समजून घेतलं असतं. तुम्ही लायसनचे म्हणून घेतले. जे तुम्हाला फुकट दिलं त्याचे.”

 अशफाक जमिनीकडे बघत राहिला, आणि टेबलामागचा पुठ्ठा तिथून अर्धा दिसत होता. ताईंनाही दिसला असणार.

“एकतीस मार्चला तुमचं लायसन संपतंय,” त्या म्हणाल्या. “पुढचं मी लिहून देणार नाही. अजून किती लोक राहिलेत?”

“सत्तर-ऐंशी.”

 ताईंनी विचारलं, “गिरणीनं ही मशीन घेतली तेव्हा सिस्टिमचं लायसनही विकत घेतलं असेल. ते मुदतीचं नसतं. कुठंय ते?”

“गिरणीच्या फायलीत असंल.”

“म्हणजे अवसायकाकडे. गिरणीच्या कामासाठी, गिरणीच्याच लायसनवर ही मशीन चालवता आली असती, आणि कुणाला एक रुपया पडला नसता. कधी विचारलं होतं त्यांना?”

“न्हाई.”

“का?”

का ते त्याला माहीत होतं, पण ताईंसमोर त्याच्या तोंडून निघेना. मला त्यानं नंतर सांगितलं. विचारलं असतं तर ते गिरणीचं झालं असतं, त्याचं राहिलं नसतं.

ताई गेल्यावर त्यानं दुकान बंद केलं. समिनाला सगळं सांगितलं. तिला वाटत होतं फी खरीच आहे. ती शेजारपाजारच्या बायकांनाही तसंच सांगत आली होती. ती एवढंच म्हणाली, “मला सांगितलं ते आता सगळ्यांनाबी सांगा. मी कुणाकुणाला काय सांगत फिरू?”

तीन दिवसांनी तो आमच्या कार्यालयात आला. सोबत हातानं लिहिलेला अर्ज होता. मशीन महिनाभर अवसायकांच्या ताब्यात देतो, गिरणीच्या लायसनवर ती चालवून सगळ्या कामगारांचं रेकॉर्ड काढावं, मी विनामोबदला काम करीन, असं त्यात होतं. आणि मध्येच एक वाक्य होतं, ‘मी लायसनच्या नावाने खोटे बोलून कामगारांकडून पैसे घेतले आहेत.’

“हे वाक्य कशाला?” मी म्हणालो. “नुसती विनंती पुरे. उगाच चौकशी लागेल.”

“ते ऱ्हाऊ द्या साहेब.”

त्याला बाहेर बसवून मी कपाट उघडलं. गिरणीच्या यंत्रखरेदीची फाईल दहा मिनिटांत सापडली. लायसनचा कागद पिवळा पडला होता, पण त्यावरच्या ओळी स्पष्ट होत्या. त्याच्याखाली टेपांची यादी होती. कुठल्या टेपेत काय, कुठल्या सालचं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, हजेरी व सेवा नोंदी. ते कपाट माझ्या खुर्चीच्या पाठीमागे होतं. धर्मराजला आणि त्याच्यासारख्या कितीतरी जणांना मी त्या खुर्चीत बसून रेकॉर्ड नाही म्हणून सांगितलं होतं. मी यादी पुन्हा फाईलमध्ये लावली आणि बाहेर येऊन अशफाकला फक्त म्हणालो, “लायसन मिळालं.”

अवसायक साहेबांनी अर्ज वाचून अशफाककडे एकदा बघितलं आणि मंजुरी दिली. आधी शिक्के मारलेले कागद छंदाच्या लायसनवर निघाले होते, म्हणून तेही नव्यानं काढायला सांगितले. मशीन टेंपोतून आमच्या रेकॉर्डच्या खोलीत आली. दोन कूलर लावून तिला थंड ठेवलं. गिरणीचं लायसन टाकायला महानंदाताई लातूरहून आल्या. त्यांनी आधी अशफाकचं लायसन मशीनमधून काढून टाकलं. मग पिवळ्या कागदावरच्या ओळी त्या वाचत गेल्या आणि तो टाईप करत गेला. कामापुरतं बोलल्या. जेवायला थांबा म्हटलं तर डबा आणलाय म्हणाल्या, आणि बाहेर झाडाखाली एकट्या बसून जेवल्या.

कामगारांना कार्यालयाच्या आवारात बोलावलं होतं. साठ-सत्तर जण आले. अशफाकनं उभं राहून सांगितलं. त्याला भाषण करता येत नाही. “लायसनला पैसे लागत नव्हते. ते मला फुकट मिळत व्हतं. मी तुमच्याशी खोटं बोललो. ज्यांचे घेतले त्यांचे आणलेत.” एवढंच तो म्हणाला, आणि मग हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

 मग तात्याबा नावाचा म्हातारा, जो पहिल्या दिवसापासून गिरणीत होता, शांतपणे म्हणाला, “आरं अशफाक, आमी तुला नमाजात, पूजेत, सगळ्यात आठवत व्हतो.”

कुणी शिवी दिली असती तर त्याला सोपं गेलं असतं. बहुतेकांनी पैसे घेतले. चार-पाच जणांनी, काम तर तू केलंस, असं म्हणून घेतले नाहीत, आणि त्यांच्यासमोर उभं राहणं त्याला सगळ्यात जड गेलं. धर्मराज एका बाजूला उभा होता. त्याच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. तरी तो अशफाकशी एक शब्द बोलला नाही आणि गेला.

मी दारात उभा होतो. माझ्या कपाटाबद्दल सांगायची तीच वेळ होती. मी सांगितलं नाही.

महिनाभरात सगळ्यांची रेकॉर्डं निघाली. यादी करताना अशफाकला शहादेवचं नाव दिसलं. चौदा वर्षं दोन महिने. बोलावणं पाठवूनही तो आला नव्हता. अशफाकनं मला विचारलं तेव्हा मी रजिस्टर बघितलं. गिरणीची जमीन विकून कामगारांची देणी द्यायची होती, त्यासाठी दावे मागवले होते, आणि त्याची मुदत डिसेंबरअखेर संपली होती. शहादेवचा दावा नव्हता. पुराव्याचा कागदच नाही तर कशाच्या जोरावर करणार? पेन्शन अजून मिळू शकत होती. देणी गेली होती.

अशफाक कागद घेऊन नांदूरघाटला गेला. शहादेव घरासमोर बाजेवर बसला होता. त्यानं चष्मा लावून कागद सावकाश वाचला.

“चौदा वर्षं दोन म्हैने,” तो म्हणाला. “मला तेराच वाटत व्हते.”

अशफाकनं फीबद्दल सांगितलं, मुदतीबद्दलही सांगितलं. काही झाकलं नाही. शहादेव ऐकत होता.

“तू तवा म्हणला असतास की फुकट हाय, तर मी बसलो असतो तिथंच,” तो म्हणाला. “मी म्हणलं कंपनी बाहेरची हाय, ह्या लेकराच्या हातात काय हाय. तुझीच कीव आली मला.”

“मामा, माफ करा.”

“माफ करून माझं काय वाढायलंय?” त्यानं आत हाक मारून पाणी मागवलं. “पाणी पी आन जा. तीनची गाडी हाय.”

अशफाक पाणी प्यायला आणि निघाला. दुसऱ्या दिवशी तो मला भेटायला आला आणि हे सगळं त्यानं सांगितलं. तेव्हा मी त्याला कपाटातल्या यादीबद्दल सांगितलं. 

“तुमी खोटं तर बोलला न्हाईत साहेब,” तो म्हणाला. “तुमी बघितलंच न्हाई.”

मला बरं वाटावं म्हणून तो तसं म्हणाला. मला ते अजून टोचतं.

शहादेवची पेन्शन सात महिन्यांनी सुरू झाली. देण्यांसाठी साहेबांनी वर लिहिलं होतं. मुदतीनंतरचा दावा विचारात घेता येत नाही, असं उत्तर आलं, आणि ते शहादेवला कळवणारं पत्र मीच टाईप केलं. असल्या पत्रांना लोक सरावलेले असतात. त्यानं पोच दिली, बाकी काही लिहिलं नाही.

मशीन अशफाककडे परत गेली. तिच्यातलं गिरणीचं लायसन ताईंच्या सांगण्यावरून त्यानं आधीच काढून टाकलं होतं. आठवड्यातून एकदा तो ती सुरू करतो, पंखे फिरतात का बघतो आणि बंद करतो. आत जाता येत नाही. अंबाजोगाईच्या एका कॉलेजनं जुन्या संगणकांवर बोलायला बोलावलं होतं. त्यानं तब्येतीचं कारण सांगितलं.

दरम्यान त्या हौशी लायसनचे नियम बदलले. आता कुणी लिहून द्यावं लागत नाही, आपलं नाव भरलं की मिळतं. हे त्यानंच मला सांगितलं.

“मग घे की,” मी म्हणालो.

“ज्यांच्या नावावर घेत व्हतो त्यांना न विचारता कसं घेऊ?”

“मग विचार.”

“धीर होत न्हाई.”

गेल्या दिवाळीनंतर त्यानं धीर केला. ताईंना व्हॉट्सॲपवर लिहिलं, मराठीत, लांबलचक. झालेलं सगळं पुन्हा लिहिलं, आणि शेवटी विचारलं की मी हौसेपुरतं लायसन मागितलं तर तुमची काही हरकत आहे का. संध्याकाळी त्याच्या मेसेजवर निळ्या खुणा आल्या. ताईंनी वाचलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही, आणि त्यानं अर्ज केलेला नाही.